कोरा नमुना

पूर्णगडच्या पुळणीवर काळी वाळू आहे,
लाटेनं चाळून रेघारेघांनी ठेवलेली.
बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. फुटक्या स्पीकरचं चुंबक
त्यांनी मला सुतळीला बांधून दिलं होतं.
ओढत नेलं की त्याला मिशा फुटायच्या,
पांढरी वाळू मागे, शिंपल्यांचा चुरा मागे,
आणि रात्री आई फ्रॉकचे खिसे मोरीत झटकायची.

आता त्याच खेळाचा पगार मिळतो.
कुपीत तपकिरी पाणी, पाण्यात लोहाचे मणी,
एका केसाच्या जाडीत सत्तर मावतील एवढे,
प्रत्येकाच्या अंगावर प्रतिपिंडांची लव.
ती लव पटकीच्या जंतूला ओळखते. बाकी कुणाला नाही.
निदान तसं डब्यावर लिहिलेलं असतं.

मंगळवारी पूर्णगडात अकरा घरांत जुलाब लागले.
दुपारपर्यंत कारण ठरलं होतं: जैबूनच्या तिसऱ्या.
संध्याकाळी तिनं जेटीवरून पाटी खाडीत उलटी केली.
कुणी सांगितलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही.
आरोग्य केंद्रातल्या शिवलकरनं त्याआधी
मूठभर उचलून ठेवल्या होत्या, आणि निव्वळ सवयीनं
शेजारच्या पेटीतलं वितळलेल्या बर्फाचं पाणीही.

जंतू वाढवून पाहायचा तर दोन दिवस जातात.
मण्यांना संध्याकाळ पुरते.
मांस वाटलं, गाळलं, मणी सोडले.
अर्धा तास कुप्या चक्रीवर उलटसुलट फिरतात,
आत कोण कुणाला भेटतंय ते बाहेरून दिसत नाही.
मग चुंबकाच्या खाचेत उभ्या केल्या:
गढूळपणा सरकत सरकत एका भिंतीला लागला,
काचेवर जांभ्याच्या रंगाची रेघ, बाकी पाणी नितळ.
पाणी काढा. चुंबक दूर. धुवा. पुन्हा चुंबक.
असं तीनदा. धरायला चुंबक आहेच,
नको ते सुटायला हात लागतो.

सेन्सरवर तिसऱ्यांचा आकडा वर गेला.
बर्फाच्या पाण्याचा वर.
शेवटच्या कुपीत काहीच नव्हतं, उकळून गाळलेलं पाणी,
कोरा नमुना. तोही वर.

होतं असं. मण्याचं अंग कुठे उघडं राहिलं
तर खूण पटवणारं औषध थेट त्यालाच चिकटतं,
मधे जंतू असण्याची गरजच उरत नाही.
मी थोडा वेळ त्या अकरा घरांचा विचार केला.

उपाय आहे दूध. डेअरीची साधी भुकटी.
तासभर मण्यांना दुधात ठेवायचं, रिकाम्या जागा भरतात,
मग पोट भरलेल्या मांजरासारखे ते
आवडीच्या माशाखेरीज कशाकडे बघत नाहीत.
साडेसातला वीज गेली. इन्व्हर्टरवर चक्री आणि फ्रिज,
मी अंधारात, मिऱ्याच्या बाजूला ट्रॉलरांचे दिवे मोजत.
दहा वाजता कोरा नमुना गप्प.
तिसऱ्या गप्प.
बर्फाचं पाणी बोललं. पुन्हा केलं, पुन्हा बोललं.

सकाळी फोन लावला. जैबून सोलकर, वय बासष्ट,
चिठ्ठीवर नाव पेन्सिलीनं, तेही चुकवलेलं.
म्हटलं, तुमच्या तिसऱ्यांत काही नव्हतं.
बराच वेळ नुसता कोंबडा ऐकू येत होता.
"म्हाईत हाय. घरात आमी बी त्याच खाल्ल्या."
आणि मग, "माजी पाटी कोन भरून देनार, गो?"

अहवालात रकाने असतात: नमुना, पद्धत, निष्कर्ष, शेरा.
शेऱ्यात लिहिलं, बर्फाच्या कारखान्याचं पाणी तपासावं.
पाटीसाठी जागा शोधली. नव्हती.

रविवारी घरी गेले. चुंबक माळ्यावर होतं,
सुतळी कुजलेली. नवी बांधली नाही.
ओहोटीला खाडीत जैबून दिसली, गुडघाभर पाण्यात,
लुगडं खोचलेलं, हात कमरेवर, नजर भलतीकडेच.
पायाचा अंगठा चिखलात चाचपत होता:
खडा. खडा. रिकामं शिंपलं. खडा.
मग ती वाकली.